मंगळवारी आबा

सदर इसमाचे नाव प्रेमराज तोताराम बोरसे असे असून ते धुळे शहरातील देवपूर भागात स्वमालकीच्या दुमजली घरात राहतात. वय बासष्ट. बांधा मध्यम, रंग निमगोरा, चष्मा आहे, शर्टाच्या खिशाला पेन आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून उपशिक्षक म्हणून नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त. संपूर्ण सेवा इयत्ता पहिलीच्या वर्गावर झालेली असून त्याविषयी तक्रार नाही. म्हणजे सदर इसमाची नाही, वर्गाला कोणी विचारलेले नाही. 'मातृभाषा' या रकान्यात त्यांनी 'मराठी' असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. थोरले बंधू अभिमन यांच्याशी संबंध सलोख्याचे. कोणाशी वैर नाही. मत्सर, द्वेष इत्यादी विकारांची नोंद आढळत नाही.

एवढं वाचून कोणी सरांना चारित्र्याचा दाखला द्यायला निघालाच, तर त्याने मंगळवार टाळून जावं.

मंगळवारचं कारण समजायला थोडं मागे जावं लागतं. सरांचा मुलगा गोपाल ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत फिरतीवर असतो. आज चोपडा, उद्या साक्री, परवा कुठे ते कंपनीलाही सकाळी कळतं. सून दिपमाला पाचोऱ्याची, वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी., आणि हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय चहासुद्धा न घेणारी. या दोघांची मुलगी कार्तिकी सहा वर्षांची झाली तेव्हा दोघं वरच्या मजल्यावरून खाली आली आणि त्यांनी सांगितलं, की तिचं नाव शाळेत घालणार नाही. पहिली घरीच करायची. पुढचं पुढे बघू.

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "म्हणजे शाळा बुडवायची," ते म्हणाले.

"बुडवायची नाही, नाना," गोपाल म्हणाला. "जायचंच नाही."

"तेच."

सरांच्या पत्नी लताबाई यांनी एवढंच विचारलं, की मग सकाळचा डबा करायचा का नाही.

ही बातमी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पोचायला वेळ लागला नाही. रतिलालशेठ तराजूवरून मान वर न करता म्हणाले, "सर, हे तर हलवायाच्या घरी साखर नाही असं झालं." सर त्या दिवशी गूळ न घेता परत आले. पुढचे काही दिवस वरच्या मजल्याशी ते कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या लक्षात आलं, की पहिलीतली मुलगी घरात आहे आणि जन्मभर पहिलीच शिकवलेला माणूसही त्याच घरात आहे. नेमणुकीचा आदेश तेवढा निघायचा आहे. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून आरशात स्वतःकडे जरा वेळ पाहिलं. त्या दिवसापासून घरशाळेचा त्यांच्याइतका कडवा पुरस्कर्ता देवपुरात दुसरा उरला नाही. रतिलालशेठला त्यांनी परदेशातल्या संशोधनाचे दाखले दिले. दाखले तोंडाला येतील तसे होते, पण आवाज ठाम होता.

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात मण्यांच्या माळा होत्या, पुठ्ठ्यावर डकवलेली अक्षरं होती, आणि पाठ्यपुस्तकं बदलली तरी न बदललेले काही तक्ते होते. मग सरांनी टाचण लिहायला घेतलं. टाचण म्हणजे तास घेण्याआधी शिक्षकाने लिहून ठेवायची तयारी: घटक कोणता, उद्दिष्ट काय, साहित्य काय लागेल, मूल्यमापन कसं करायचं. नोकरीत असताना साहेब तपासणीला येणार असं कळलं की सर टाचण लिहीत. या वेळी कोणी येणार नसताना लिहिलं. जून ते ऑगस्ट मुळाक्षरं, सप्टेंबरात काना-मात्रा, दिवाळीच्या आत जोडाक्षरं, आणि फेब्रुवारीत निबंध: आमची गाय. धुळ्याच्या दुमजली घरात गाय नाही ही अडचण त्यांनी 'साहित्य' या सदरात 'चित्र' असं लिहून मिटवली होती.

दिपमालाने ते सगळे कागद उभ्याउभ्या वाचले. "अक्षर किती सुंदर आहे, नाना," ती म्हणाली आणि कागद मायक्रोवेव्हवर ठेवले.

त्यानंतर सर काही ना काही निमित्त काढून वर जात राहिले. कागद मायक्रोवेव्हवरच होते. एकदा त्यांच्यावर दुधाचं पातेलं होतं.

फ्रिजच्या दारावर दिपमालाचा स्वतःचा तक्ता होता. तो तिने देशभरच्या घरशाळावाल्या आयांशी बोलून, पुस्तकं मागवून, चार वेळा खोडून तयार केला होता. भाषेच्या रांगेत लिहिलं होतं: ऐकणे. बोलणे. आईने मोठ्याने वाचून दाखवणे. रव्याच्या ताटात बोटाने अक्षर. चित्र पाहून गोष्ट. आणि शेवटी: लेखन, घाई नाही. हे शेवटचे शब्द सर पुन्हा पुन्हा वाचत. खात्याकडून त्यांना जन्मभर नाना तऱ्हेच्या सूचना आल्या होत्या; घाई नाही, अशी एकदाही आली नव्हती.

तरी भाषेच्या रांगेत अजून एक चौकोन रिकामा होता. सरांची नजर त्या चौकोनावर होती. एक तास. आठवड्यातून एक का होईना, पण आपल्या नातीचा भाषेचा तास आपण घ्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं. तो मागायचा मात्र नव्हता, तो आपणहून चालत यायला हवा होता.

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना, ताटात शेवभाजी असताना, दिपमालाने विचारलं, "नाना, आपल्या घरची भाषा कोणती?"

"मराठी," सर म्हणाले.

लताबाईंना ठसका लागला.

"तिखट झाली का भाजी?" सरांनी विचारलं.

"भाजी बरोबर आहे," लताबाई म्हणाल्या.

त्यांच्या ठसक्याला कारण होतं. नवराबायको दोघंही शिंदखेडा तालुक्यातली. दोघांचा जन्म अहिराणीत झाला, लग्न अहिराणीत झालं, फक्त पगार मराठीत मिळाला. सहा वर्षांच्या मुलांची घरची बोली चपलांबरोबर वर्गाबाहेर काढून ठेवायला लावणं, हे सर आपलं मुख्य काम समजत. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेवर होते तेव्हा तिथल्या पावरी बोलणाऱ्या मुलांनाही त्यांनी तोच नियम लावला. घरी सवलत नव्हती. लहानपणी गोपाल गल्लीतून धावत आला आणि गल्लीतलंच वाक्य बोलला, की सर म्हणत, "बाहेर जा, आणि वाक्य नीट करून आत ये." गोपाल आता दोन माणसांचं बोलणं एकटा बोलतो, विक्रीचं कामच तसं आहे, पण वडिलांच्या खोलीत शिरताना अजून उंबऱ्याशी जरा थांबतो. लताबाईंनी आपली बोली सोनगीरच्या बहिणीला फोन करण्यापुरती ठेवली होती, तीही स्वयंपाकघराचं दार लोटून.

"पहिल्या वर्षी घरच्या बोलीत खूप गोष्टी कानावर पडायला हव्यात," दिपमाला सांगत होती. "वाचन पुढे त्यावरच उभं राहतं. मला अहिराणी धड येत नाही, आमच्याकडे जरा वेगळं बोलतात. आई, तुम्ही सांगाल?"

"मी नको गं. मी वाक्य सुरू करते आणि संपवतात हे."

"मग कोण सांगेल?"

सरांनी तांब्या उगाच सरळ केला. आपलं नाव निघेल, आपण दोनदा नको म्हणू, आणि मग सगळ्यांचा आग्रह मोडवत नाही म्हणून हो म्हणू, असा क्रम त्यांनी लावून ठेवला होता.

"आबा," कार्तिकी म्हणाली.

"आबा," दिपमाला म्हणाली. "अरे हो, आबा."

आबा म्हणजे अभिमन, सरांचे थोरले भाऊ. यांनी चौथीत शाळा सोडली. सर म्हणतात, शाळेने त्यांना सोडलं. गावी शेती करतात, गुडघा धरला आहे, आणि त्या गुडघ्याचा डॉक्टर धुळ्यात मंगळवारी असतो. म्हणून दर मंगळवारी सकाळच्या बसने ते येतात, गुडघा दाखवतात, धाकट्या भावाकडे जेवतात आणि दुपारच्या बसने जातात. गावात आबा पारावर टेकले, की बिडी विझवून माणसं जवळ सरकतात. सर गावी गेले की लोक म्हणतात, "या सर, बसा," कोणीतरी आतून खुर्ची आणतं, आणि सगळे गप्प होतात. खुर्ची सरांना मिळते, माणसं आबांना. याचा सरांना कधी राग आला नाही. ते फक्त त्यांना दर वेळी दिसलं.

दुसऱ्या दिवशी रिकामा चौकोन भरलेला होता. मंगळवार: आबा.

पहिल्या मंगळवारी आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. भाऊ नोकरीला लागल्यापासून ते त्याला नावाने हाक मारत नाहीत. "काय सर," ते म्हणाले, "बठ्ठं ठीक शे ना? मी आज वर्गवर शे." आणि कठड्याला धरून, गुडघा कुरकुरत असताना, वर गेले. डॉक्टर राहिला बाजूला.

सर खाली वर्तमानपत्र घेऊन बसले. वरून आधी आबांचा आवाज आला, मग कार्तिकीचं हसू, मग दोघांचं. सरांनी पान उलटलं नाही. वर्गात मुलं हसायला लागली की विषय हाताबाहेर गेला असं समजावं, हे त्यांचं ठाम मत होतं; पहिलीला शिकवताना तशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. थोड्या वेळाने ते पाण्याची टाकी भरली का हे पाहायला गच्चीवर गेले. वाट गॅलरीतूनच होती. टाकी भरलेली होती. आणखी थोड्या वेळाने ते टाकी रिकामी तर झाली नाही ना हे पाहायला गेले.

गॅलरीत आबा जमिनीवर पाय पसरून बसले होते आणि कार्तिकी त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती.

"पेम्यानी माय म्हने, पेम्या, आज शाळाले जा," आबा सांगत होते. "पण पेम्या काय जास? तो गया निंबना झाडवर. मास्तर म्हने, खाले उतर. पेम्या म्हने, तूच वर ये."

सर टाकीच्या शिडीशी थांबले. शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावात पेम्या नावाचं एकच पोर होतं, आणि त्याला पुढे जिल्हा परिषदेची नोकरी लागली.

त्या दिवसापासून सरांना दोन दुखणी झाली. एक भाऊ, दुसरा पेम्या. कार्तिकी आठवडाभर पेम्यात बुडालेली असे. पेम्याने काय खाल्लं असतं, पेम्या आंघोळीला पळाला असता का, पेम्याला रव्याच्या ताटात कोणतं अक्षर आवडलं असतं. दिपमालाने ओळखलं आणि ताटात पहिलं अक्षर 'प' घेतलं, मग 'म'. पोर दोन दिवसांत ती अक्षरं उशीवर, दारावर आणि वरणात काढायला लागली. सरांच्या टाचणात 'प' ऑगस्टमध्ये होता. खालच्या मजल्यावरचे आजोबा सोडून नात एका सहा वर्षांच्या पोराच्या मागे लागली होती, तो पोरगा त्यांचाच होता, म्हणजे तेच होते, आणि त्याची मालकी अभिमनकडे होती.

"नाना, पेम्या खूप खोडकर होता," ती त्यांना सांगायला येई.

"असेल."

"तुम्ही लहानपणी खोडकर होतात?"

सरांनी चष्मा पुसला. "मी पाढे म्हणत असे," ते म्हणाले, आणि ते खरंही होतं, फक्त पुष्कळ नंतरचं.

आबांना या काळात पद चढलं. ते आता आल्या आल्या दिपमालाला विचारत, आज काय घेऊ. मध्येच खिशाला पेन लावून आले. त्यांना त्याने लिहिता येतं का, असं सरांनी लताबाईंना विचारलं. लताबाई म्हणाल्या, "तुमच्याच खिशासारखं दिसतं." त्यातच गावाकडून चिंधाचा फोन आला. चिंधा म्हणजे सरांचा वर्गमित्र, गावात पिठाची गिरणी चालवतो.

"सर, एक विचारू? आबा कोणत्या शाळेवर लागले?"

"कोणत्याच नाही."

"पारावर तर सांगत होते, मी धुयाले शिकाडाले जास. मोठ्या शाळेत. आम्ही म्हटलं, सरांनीच चिकटवलं असेल."

सरांनी फोन ठेवला. जरा वेळाने पुन्हा उचलला आणि भावाला लावला. मंगळवारी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत, तेव्हा या आठवड्यात गुडघा दाखवून परस्पर गावी गेलात तरी चालेल, असं त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं. खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे ते 'पाहुणे' हा शब्द दोनदा म्हणाले.

"मंग चांगलं शे," पलीकडून आबा म्हणाले. "पाहुण्यासले बी गोट सांगसू."

मंगळवारी आबा आले. पाहुण्यांची चौकशी केली. पाहुणे आले नाहीत. आबांनी पाहुण्यांच्या वाट्याची मटकीची उसळही खाल्ली.

शेवटी सरांनी मागितलं. संध्याकाळी वर जाऊन, फ्रिजसमोर उभं राहून, तक्त्याकडे बघत ते म्हणाले, "दिपमाला, तक्त्यात शनिवार धरलेला दिसत नाही."

दिपमालाला हे अपेक्षित असावं. ती म्हणाली, "शनिवार देते, नाना. आनंदाने देते. फक्त शिकवायचं नाही. गोष्ट सांगायची. घरच्या बोलीत."

"शिकवायचं नाही, तर तास कसला?"

"ऐकण्याचा."

सरांनी होकार दिला. नेमणूक झाली होती. अटी-शर्तींचं पुढे पाहता येतं, हा नोकरीचा अनुभव होता.

त्यांनी गोष्टीचं टाचण काढलं. घटक: राजा आणि पोपट. उद्दिष्ट: प्रामाणिकपणाचे महत्त्व पटवणे. साहित्य: पोपटाचे चित्र. आणि मग सराव म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. लताबाई भाकरी थापत होत्या.

"एक," सर म्हणाले. "एक राजा... व्हता. त्यानाकडे एक पोपट व्हता. तो पोपट अतिशय प्रामाणिक..."

लताबाईंनी हात थांबवला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यानंतर नवऱ्याच्या तोंडून ही बोली त्यांनी ऐकली नव्हती. "अहो," त्या म्हणाल्या, "हे कोण बोलतंय?"

"मी."

"कलेक्टर ऑफिसातून बोलल्यासारखं वाटतंय."

"उच्चार चुकला का?"

"काहीच चुकलं नाही. तेच तर." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "जाऊ द्या, पोपटाला मराठीच बोलू द्या."

शनिवारी कार्तिकी वेळेवर खाली आली आणि सरांच्या समोर मांडी घालून बसली. सरांनी तिला नीट बसायला सांगितलं. ती नीटच बसली होती, तरी पुन्हा बसली. राजा झाला, पोपट झाला, चित्र दाखवून झालं. पोपट अतिशय प्रामाणिक निघाला. मध्ये 'व्हता' म्हणायचं राहून सर 'होता' म्हणत गेले आणि शेवटी तर सगळीच गोष्ट टाचणाच्या भाषेत संपली.

"यातून आपण काय शिकलो?" सरांनी विचारलं.

"आता पेम्याची सांगा," कार्तिकी म्हणाली.

सरांनी पोपटाचं चित्र उलटं ठेवलं. त्यांनी ठरवलं नव्हतं, पण तोंडून गेलं. "कार्तिकी, पेम्या म्हणजे मीच."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्याकडे, खिशाच्या पेनकडे, गुंडी लावलेल्या कॉलरकडे.

"नाही," ती म्हणाली.

"का नाही?"

"पेम्या मजेदार आहे."

ती वर गेली. सर बसून राहिले. एखाद्या माणसाला दुसऱ्याचा हेवा वाटतो, ते ठीक. निदान समोर दुसरा तरी असतो. सरांना त्या दुपारी निंबाच्या झाडावर बसलेल्या एका पोराचा इतका हेवा वाटला, की त्यांनी चहा परत पाठवला.

पुढच्या मंगळवारी ते टाकी बघायला गेले नाहीत. सरळ गॅलरीत गेले, आणि खुर्ची न मागता भिंतीला टेकून बसले. कार्तिकीने जागा करून दिली, म्हणजे आबांकडे सरकली. दिपमाला दारात मेथी निवडत होती.

"या सर," आबा म्हणाले. "तपासणी शे का?"

"चालू द्या."

आबांनी पुन्हा निंबाचंच झाड काढलं, कारण ते मागितलं गेलं होतं. गोष्ट दर खेपेला वाढत असे. आज झाडाखाली सगळी शाळा जमली, मग गाव जमला, मग शिंदखेड्याहून फौजदार आला. सरांनी फौजदार सोसला. मग आबा कार्तिकीच्या कानाशी वाकले, पण आवाज कमी केला नाही.

"मास्तर झाडखाले उभा. पेम्या वर. आनि पेम्याले लागनी भीती. इतकी भीती लागनी, इतकी लागनी, का त्यानी वरथून मुती दिन्हं, ते डायरेक्ट मास्तरनी टोपीवर."

कार्तिकी आडवी पडून हसायला लागली.

"खोटं नको बोलू, भाऊ," असं कोणीतरी म्हणालं, आणि दिपमालाने मेथीवरून मान वर केली, कारण तो आवाज तिने या घरात कधी ऐकला नव्हता. सर गुडघ्यांवर आले होते. "टोपी कोरडी व्हती मास्तरनी. तू काय सांगस? तू व्हता का तठे? तू तं रामजीना मळामा आंबा चोरी राहिंता. मायनी तुले सांगं, भाऊले शाळामा सोडी ये, आनि तू माले झाडखाले सोडीसन पयी गया. म्हनीसन मी चढनू झाडवर. माले वाटनं, वरथून तू तरी दिसशी."

खालच्या मजल्यावर लताबाईंनी गॅस बंद केला.

आबा गप्प होते. हे पाराच्या इतिहासात कोणी पाहिलेलं नाही. मग त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आंबा खट्टा व्हतात," ते म्हणाले, एवढाच त्यांचा बचाव.

कार्तिकी उठून बसली होती. ती आबांकडे पाहत होती आणि मग सरांकडे. "नाना," ती म्हणाली, "मंग? दिसनात का आबा?"

सरांच्या वाट्याला अख्खा वर्ग आला होता. आबा गप्प होते, सून ऐकत होती, नात त्यांच्याकडे तोंड करून बसली होती, आणि प्रश्नही तिनेच विचारला होता. सर सावरून बसले. चष्मा नीट केला.

"तर," ते म्हणाले, "त्या काळी आपल्या गावाची लोकसंख्या साधारण बाराशे होती. शाळा एकशिक्षकी होती."

कार्तिकीने थोडा वेळ वाट पाहिली. तेवढी सवलत तिने दिली. मग ती हळूच आबांच्या गुडघ्याकडे वळली. "आबा, तुम्ही सांगा. दिसनात का?"

"दिसनू ना," आबा सावरले. "मी हत्तीवर बसीसन उनू."

"हत्ती?" सर म्हणाले. "कोनता हत्ती? गावमा धड बैल नव्हता तुले बसाले."

आणि कार्तिकी पुन्हा इकडे वळली.

दिपमालाच्या हातातली मेथी तशीच राहिली होती. तिने दुपारभर ते पाहिलं. नाना सांगायला लागले की जिल्हा परिषद बोलू लागते. आबा खोटं सांगायला लागले की नानांचा राग बोलू लागतो, आणि त्या रागाला उत्तम अहिराणी येते. तास मागितला की जे जमत नव्हतं, ते भावाचं ऐकवलं नाही की आपोआप जमत होतं. कार्तिकीला एका गोष्टीच्या जागी दोन मिळत होत्या, वर भांडण. भाषेच्या नियोजनात याहून चांगला तास कुठल्या पुस्तकात दिलेला नव्हता. शनिवारचा पोपट तिने कोणाला न दुखावता रद्द केला.

सरांना मात्र हे कळायला नको होतं, नाहीतर ते रागाचंही टाचण काढतील. ती त्यांना एवढंच म्हणाली, "नाना, मंगळवारी आबांचं चुकतं तिथे जरा लक्ष ठेवाल का?"

"ठेवावंच लागेल," सर म्हणाले. "हत्तीपर्यंत मजल गेली आहे."

पहिल्या तारखेला फ्रिजच्या दारावर नवा तक्ता लागला. सर चहाचा कप घेऊन वर गेले आणि भाषेच्या रांगेसमोर उभे राहिले. मंगळवारच्या चौकोनात दोन ओळी होत्या. आबा: गोष्ट. नाना: हरकत. सरांनी अकारविल्हे क्रम लावून पाहिला. मग वयाने लावून पाहिला. मग खाली आले आणि लताबाईंना म्हणाले, की निदान या खेपेला पेनाने लिहिलं आहे, पुसलं जाणार नाही.

"मग झालं तर," लताबाई म्हणाल्या. "तुम्हाला तास मिळाला."

"मिळाला," सर म्हणाले.

आबांचं नाव वर आहे.